सोमवारचा तांदूळ

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम बाजूच्या एका मराठी शाळेत काढली. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर. दुपारच्या गरम जेवणाला कन्नडमध्ये ‘बिसियूट’ म्हणतात. आमची पोरंही तेच म्हणायची, मराठी शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. एका सोमवारी मी कोठीचं रजिस्टर तपासत होतो. हजेरी 42. शुक्रवारीही 42 होती. पण तांदूळ किलोभर जास्त गेलेला. मास्तर माणूस, पहिला संशय चोरीचाच आला. विचारलं, तर स्वयंपाकाच्या बाईंनी हातातली पळी खाली न ठेवताच सांगितलं, “सोमवारी जास्तच घालतो ओ गुरुजी मी. शनिवारी सकाळची शाळा, उप्पीट खाऊन जातात पोरं. मधे रविवार जातो की.”

तो किलोभर तांदूळ मी रजिस्टरात कसा बसवला ते इथे सांगत नाही. निवृत्ती वेतन चालू आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा जगातल्या भुकेवर दरवर्षी अहवाल निघतो. 2024 साली जगात सुमारे 67 कोटी माणसं उपाशी होती, असा 2025 च्या अहवालाचा अंदाज आहे. धड सकस खाणं परवडत नाही, अशी माणसं त्याच्या जवळजवळ चौपट, 260 कोटी. शाळेबाहेर असलेली मुलं 25 कोटींच्या वर. हे आकडे वर्तमानपत्रात आतल्या पानावर येतात आणि आपण पान उलटतो, त्यात कुणाचा दोष नाही. 67 कोटी ही संख्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही. उपासमारीचा हा आकडा वर्षभरात माणसाला सरासरी किती उष्मांक मिळतात यावरून काढतात. सरासरीत रविवार दिसत नाही. बाईंच्या पातेल्यात मात्र तो दर आठवड्याला दिसायचा.

भूक, गरिबी आणि शिक्षण ही सरकारदरबारी तीन वेगळी खाती. तीन मंत्री, तीन सचिव, तीन प्रकारचे अर्ज. गरिबाच्या घरात या तिन्हींना एकच दार असतं. आणि आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांपुरतं बोलायचं, तर आम्ही गेली जवळपास सत्तर वर्षं भाषेचा प्रश्न पाटीवर आणि झेंड्यावर लढलो, ताटात तो कधी शोधला नाही. हे लिहिल्यावर मला शिव्या पडतील. पण सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत मीही चाळीस वर्षं चाललोय, तेव्हा एवढं बोलायचा हक्क आहे असं धरून चालतो.

आधी तांदळाचं बघू. 2023 चा जून-जुलै आठवा. कर्नाटकात नवं सरकार आलं होतं आणि अन्नभाग्य योजनेत माणशी 5 किलोचे 10 किलो करू असं वचन दिलेलं होतं. केंद्राच्या अन्न महामंडळाने जादा तांदूळ राज्याला विकत द्यायला नकार दिला. लगेच 20 जुलैला केंद्राने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. जगाच्या तांदूळ व्यापारात आपला वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. आपण दार लावलं की बाहेर हलकल्लोळ होणारच. ऑगस्टमध्ये जागतिक बाजारात तांदूळ पंधरा वर्षांतल्या सगळ्यात वरच्या भावाला गेला. पश्चिम आफ्रिकेत बेनिनसारखे देश आहेत, तिथल्या चुलीवर भारतातला तांदूळ शिजतो. तिथल्या एखाद्या बाईने त्या महिन्यात माप कमी केलं असेल. इकडे खानापूरच्या रेशन दुकानापुढे उभ्या असलेल्या बाईलाही जादा तांदूळ मिळाला नाही. किलोला 34 रुपयांप्रमाणे माणशी 170 रुपये कुटुंबप्रमुखाच्या खात्यात येतील असं तिला सांगण्यात आलं. आणि या सगळ्या काळात सरकारी गोदामांत तांदूळ राखीव साठ्याच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पडून होता.

त्या 170 रुपयांचं पुढे काय झालं? शहरात त्याचं बरं चाललं. आमच्या शाळेपलीकडच्या वाडीवर एका म्हातारीचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं. जोडायचं तर खानापूरला बँकेत जायला हवं. शक्ती योजनेमुळे बायकांना बस फुकट आहे, उत्तम योजना, फक्त त्या वाडीला बस येत नाही. म्हातारी चार महिने “पैसे पडले काय बघा की” म्हणून शाळेत येत राहिली, कारण गावात मोबाइल बघून सांगणारा माणूस म्हणजे मास्तर. 2025 च्या फेब्रुवारीपासून पैशांऐवजी पुन्हा तांदूळ सुरू झाला. त्या दिवशी तिला कुणी सरकारचं धोरण समजावून सांगितलं नसेल. पण पैसा आणि धान्य यांतला फरक तिला अर्थतज्ज्ञांपेक्षा बरा कळत होता.

अन्न कमी पडतं म्हणून माणूस उपाशी राहतो, हा समज फार जुना आणि फार सोयीचा आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. धान्य तेव्हाही होतं, ते विकत घेण्याची ऐपत मजुरांच्या आणि कोळ्यांच्या हातून गेली होती, हे अमर्त्य सेन यांनी आकड्यांनिशी मांडलं. आपल्या मुलखाची गोष्ट त्याहून जुनी आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड, विजापूर हा पट्टा मुंबई इलाख्यात होता. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असा दंडक सर रिचर्ड टेंपल यांनी घालून दिला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. टेंपलसाहेब गेले. ‘कमीत कमी कितीत भागेल’ हा त्यांचा प्रश्न मात्र आपल्या कचेऱ्यांत अजून खुर्ची टाकून बसलाय. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाईचं केंद्राने ठरवलेलं मानधन 2009 पासून महिन्याला 1000 रुपये आहे, आणि तेही वर्षातले 10 महिने. राज्य सरकार वरून भर घालतं म्हणून चूल पेटते.

भुकेचे परिणाम म्हटलं की डोळ्यांपुढे फोटो येतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये सुदानच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, 2025 च्या ऑगस्टमध्ये गाझात. तिथले फोटो आपण पाहिलेत. ती भूक बंदुकीने आणलेली आहे, आणि निदान जगाला ती दिसते. आमच्याकडची भूक फोटोत येत नाही. तिचं पोट खपाटीला गेलेलं नसतं, ती चालते-बोलते, गॅदरिंगमध्ये नाचते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुरटलेली निघाली. देशाचं प्रमाणही तेवढंच. 65 टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी. म्हणजे बालवाडीच्या फोटोत तीन पोरं शेजारी उभी असली तर त्यातलं एक खुरटलेलं, आणि दोघांच्या अंगात रक्त नाही. चौथीतली पोरगी दुसरीतली वाटते आणि आपण म्हणतो, घराणंच बुटकं आहे त्यांचं.

हे खुरटणं आईच्या पोटात सुरू होतं आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत बरंचसं ठरून जातं. उंचीबरोबर मेंदूची वाढही त्याच दिवसांत होते. नंतर काजू-बदाम चारले तरी गेलेलं परत येत नाही. म्हणून 2017 साली कर्नाटकाने गरोदर आणि बाळंतीण बायकांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण द्यायची ‘मातृपूर्ण’ योजना आणली, ती मला मनापासून पटली होती. पण बंगळुरात योजना आखणाऱ्याने गवळी, देगाव, आमगावचा पावसाळा बघितलेला नसावा. भीमगडच्या जंगलातली ही गावं. ओढे भरले की शेजारचं गावही परदेश होतं, आजारी माणसाला खांद्यावर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. सातवा महिना लागलेल्या बाईने एका ताटासाठी त्या चिखलातून रोज ये-जा करावी, ही अपेक्षा ज्याने केली त्याच्या घरी सातवा महिना ओटीभरणाने साजरा होत असेल.

मी शिक्षक म्हणून जे केलं तेही सांगायला हवं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, दुपारचं जेवण यायच्या आधी, एक पोरगा पहिल्याच तासाला पेंगायचा. मी त्याला बाकावर उभा करायचो. एकदा छडीही मारली. आठवड्याने त्याची आजी भाजी विकायला आली तेव्हा सहज बोलता बोलता कळलं, की सकाळी घरात कोरा चहा होतो, तेवढ्यावर पोरगा अडीच मैल चालत येतो. पुढे 2002-03 मध्ये कर्नाटकात अक्षर दासोह ही दुपारच्या जेवणाची योजना आली, 2013 मध्ये क्षीरभाग्यचं दूध आलं, आणि पहिल्या तासाला पेंगणारी पोरं माझ्या वर्गात कमी झाली. यावर संशोधन करायची मला गरज वाटली नाही. त्या पोराचं नाव मात्र आठवत नाही, आणि त्याचीच जास्त टोचणी आहे.

2024 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. हा आकडा आला की शिक्षकांना झोडपतात. झोडपा, आम्ही काही संत नाही. पण पाचवीतल्या पोराची परीक्षा त्याच्या आईच्या सातव्या महिन्यात सुरू झालेली असते, हे झोडपणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आणि वाचता न येण्याचा हिशेब पुढे आयुष्यभर चुकवावा लागतो.

माझी मावशी निपाणीला विड्या वळायची. निपाणी म्हणजे तंबाखू. 1981 च्या एप्रिलमध्ये तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, तो निपाणीचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायकांचा इतिहास तेवढा कुणाच्या तोंडी नाही. मावशीने हयातभर पानं कातरली, तंबाखू भरला, दोरा गुंडाळला. बोटांवरच्या रेषा झिजून सपाट झाल्या. आता रेशन दुकानातलं अंगठ्याचं यंत्र तिला ओळखत नाही. एक बोट, दुसरं बोट, दहाही बोटं. दुकानदार वाईट माणूस नाही, तो म्हणतो, “उद्या या मावशी, सर्व्हरच बरोबर नाही.” सर्व्हर बरोबर असतो. फोनवर कन्नडमध्ये निरोप येतो, ई-केवायसी करा, नाहीतर नाव कमी होईल. मावशी फोन माझ्यापुढे धरते.

इथे आमचा नेहमीचा मुद्दा तयार असतो: बघा, कन्नडमध्ये निरोप पाठवतात, मराठी माणसाने काय करायचं? मुद्दा खोटा नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात अशी तरतूद आहे, आणि ती मागणी घेऊन आमची माणसं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या किती वर्षं चढतायत. परिपत्रक मराठीत हवं, ही माझ्या लेखी अस्मितेची मागणी नाहीच, ती धान्याची मागणी आहे. पण मावशीचा फोन हातात घेतला तेव्हा एक गोष्ट मला आडवी आली. तिला कन्नड वाचता येत नाही हे खरं. तिला मराठीही वाचता येत नाही. उद्या तो निरोप शुद्ध, सुंदर मराठीत आला तरी ती फोन माझ्यापुढेच धरणार.

तिला वाचता आलं नाही, कारण आठव्या वर्षी तिच्या हातात कात्री आली. म्हणजे ज्या भाषेसाठी आम्ही लढतोय ती भाषा आमच्या सगळ्यात गरीब बाईपर्यंत लिपीच्या रूपाने कधी पोचलीच नाही. 865 गावं महाराष्ट्रात यावीत म्हणून 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. गावांची यादी आमच्या पुढाऱ्यांना तोंडपाठ आहे. त्या गावांतल्या किती मराठी शाळांत पाचवीचं पोर धड वाचतं, किती घरांत सोमवारी जास्त भूक लागते, ही यादी कुणाकडे आहे? माझ्याकडेही नाही. आम्ही ती कधी केलीच नाही.

आणि मराठी शाळांत आता राहिलंय कोण? माझा स्वतःचा मुलगा बेळगावच्या टिळकवाडीत इंग्रजी माध्यमात शिकला. आमच्या फेरीत पुढे चालणाऱ्या बहुतेकांची पोरं तशीच शिकली. मराठी शाळेत राहिली ती मजुरांची, गवळ्यांची, गवंड्यांची, गोव्यात कामाला गेलेल्या आईबापांनी आजीकडे ठेवलेली पोरं. सभेत आम्ही ‘मराठी शाळा वाचवा’ म्हणतो तेव्हा त्या पोरांच्या जिवावर आमची भाषा वाचवा असं म्हणत असतो. मग त्या पोरांच्या ताटात काय पडतं ते बघायला एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीच्या, बैठकीला आमच्यातला एकही माणूस का जात नाही? सहा वर्षांत मी एकदाही महाराष्ट्र एकीकरण समितीच्या पुढाऱ्याला शाळेच्या स्वयंपाकघरात पाहिलं नाही. मोर्चात बरेच पाहिले.

दुसरी गोष्ट आमच्या लोकांना याहून कमी रुचेल. पोराला मराठीत शिकवा, कारण जी भाषा घरात बोलतात तिच्यातच लहान पोराचं वाचन उभं राहतं. राज्यघटनेच्या 350-अ कलमात भाषिक अल्पसंख्याकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगितलंय. जगातल्या सुमारे 40 टक्के लोकांना समजणाऱ्या भाषेत शिक्षणच मिळत नाही, असं युनेस्कोने 2016 मध्ये म्हटलं. आपली पोरं त्यांत का जावीत? पण त्याच शाळेत त्याला चांगलं कन्नडही शिकवा. जुजबी नको, अर्ज लिहिता येईल, पंचायतीच्या अधिकाऱ्याशी, पीडीओशी, भांडता येईल असं. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी होतो आणि त्याबद्दल मला जराही पश्चात्ताप नाही. सक्ती वेगळी आणि येणं वेगळं. नाडकचेरीतल्या, म्हणजे महसूल कचेरीतल्या, खिडकीपलीकडच्या माणसाची भाषा ज्याला येत नाही त्याला दलाल लागतो, आणि दलाल फुकट काम करत नाही. आमच्या सुशिक्षितांची पोरं इंग्रजी आणि कन्नड दोन्ही बोलून नोकऱ्या मिळवतात. कन्नड न येण्याचा बाणेदारपणा तेवढा गरिबाच्या पोराने सांभाळायचा.

आता सीमेच्या दुसऱ्या बाजूने येणाऱ्या पोरांकडे वळतो.

कर्नाटकात सगळ्यात जास्त साखर कारखाने बेळगाव जिल्ह्यात आहेत. हंगाम लागला की अथणी, रायबाग, चिकोडीच्या रानात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. काही विजापूरकडच्या, काही थेट बीडहून. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. मागच्या हंगामात एका लग्नाला अथणीकडे गेलो होतो. जेवणं उरकून बाहेर पडलो, तर रस्त्यापलीकडे पाचटाच्या कोप्या. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती, मांडवाकडे बघत. बोलायला लागल्यावर कळलं बीड जिल्ह्यातली. शाळेत नाव आहे का? “गावाकडं हाय.” इथल्या शाळेत जातेस का? तिने मान हलवून कडेवरच्या भावाकडे बघितलं, उत्तर तिथेच होतं. रेशन कार्ड? “आजीकडं.” सकाळी काय खाल्लंस? “भाकर.” भाकरीबरोबर काय ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मांडवातून ताट आणलं. तिने बुंदी भावाला भरवली आणि पुऱ्या ओढणीत बांधून ठेवल्या, आई रानातून यायची होती.

या पोरीच्या वाटणीला किती योजना आहेत ते मोजा. महाराष्ट्रात तिच्या नावचं पोषण आहाराचं ताट आहे, पण ते गावाकडच्या शाळेत. ऊसतोड कामगारांच्या पोरांसाठी तिकडे हंगामी वसतिगृहांची सोय आहे, पण धाकट्याला सांभाळायला थोरली लागते म्हणून आई तिला घेऊन आली. कर्नाटकात अंगणवाडी आहे, तिथल्या ताईला हे बाळ मोजायचं नाही, कारण हे तिचं नाही. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ 2020 च्या जानेवारीपासून दोन्ही राज्यांत लागू आहे, म्हणजे तिच्या वाट्याचे 5 किलो अथणीतही मिळायला हवेत. पण ते सांगणारं तिच्या टोळीला कुणी भेटलेलं नव्हतं, मुकादमाला तर सांगायची गरजच नाही. मराठी बोलणारं पोर, आम्ही आमचा म्हणतो त्या भागात सहा महिने राहतं, आणि आमच्या 865 गावांच्या कुठल्याच कागदात ते नाही. सीमा ओलांडायला त्याला एक ट्रॅक्टर पुरला.

2025 च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर ऊसदरासाठी शेतकरी रस्त्यावर बसले. टनाला 3500 मागितले, सरकारने 3300 वर मिटवलं. शेतकऱ्याची बाजू खरीच होती. पण त्या टनाचा भाव ठरवताना शेतकरी होता, कारखानदार होता, सरकार होतं. ऊस ज्याने तोडला त्याच्या कोपीतलं पोर त्या हिशेबात कुठे आलं? उसातून किती साखर निघाली तो रिकव्हरीचा टक्का मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत मोजतात.

इथपर्यंत वाचून कट्ट्यावरचे माझे मित्र म्हणतील, सगळं फुकट देऊन देऊनच लोक आळशी झाले. भातलावणीला माणूस मिळत नाही, सगळे रेशनच्या तांदळावर झोपलेत. हे वाक्य मी दर जूनला ऐकतो. बोलणारा बहुधा निवृत्त असतो, माझ्यासारखाच, घरी बसून पगार खाणारा. माणूस मिळत नाही कारण तो गोव्यात गवंडीकामाला दुप्पट मजुरीवर गेलाय. बरं, मोठ्यांचं सोडून द्या. सात वर्षांच्या पोराला फुकट जेवण घातल्याने ते आळशी होणार आहे का? 2021 साली भारतातल्या शालेय आहारावर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी ज्या मुलींना शाळेत जेवण मिळालं होतं त्यांना पुढे जी मुलं झाली, ती कमी खुरटलेली निघाली. आईने चौथीत खाल्लेल्या भाताने वीस वर्षांनंतरच्या बाळाला उंची दिली. याला फुकट म्हणत असाल तर विहीर खणणं पण फुकटच.

आणि हे काही दिल्ली-बंगळुराहून आलेलं खूळ नाही. पलीकडच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, पोर शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पण त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधीच त्यांनी बोर्डिंगं काढायला सुरुवात केली होती. जेवणराहण्याची सोय आधी, सक्ती मागाहून. भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात पोरांना खायला नव्हतं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. कन्नडच्या बाजूने बघायचं तर ‘दासोह’ म्हणजे अन्नदान, हा शब्दच बसवण्णांच्या शरणांकडून आलाय. इथल्या दोन्ही भाषांना हे माहीत होतं की उपाशी पोराला अक्षर रुचत नाही. 2021 मध्ये शाळेत अंडी द्यायची ठरली तेव्हा काही मठाधीशांनी विरोध केला, ते दासोहाच्याच परंपरेतले, याचं मला आजही नवल वाटतं. आता अंडी मिळतात, नको त्याला केळं किंवा चिक्की. अंड्याच्या दिवशी हजेरी किती, हे कुठल्याही मास्तरला विचारा.

मला काय हवं तेवढं सांगतो. तमिळनाडूने 2022 मध्ये शाळेत सकाळची न्याहारी सुरू केली, तशी आमच्याकडे हवी; दूध आहेच, त्याबरोबर काहीतरी चावायला द्या. सुट्टीतलं जेवण हवं. 2024 च्या उन्हाळ्यात कर्नाटकाने दुष्काळी तालुक्यांत सुट्टीतही पोरांना जेवण दिलं, म्हणजे जमत नाही असं नाही. उन्हाळ्यात भूक दुष्काळ जाहीर व्हायची वाट बघत नाही. कोपीवरच्या पोराला जवळच्या शाळेत, त्याचं नाव कुठेही असो, ताट मिळावं. दोन राज्यांना गावांवरून भांडता येतं तर एका ताटाचा हिशेब मिटवता येईल. आणि आमच्या संघटनांनी दर महिन्याला एकदा मराठी शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं, पाहुणे म्हणून नको, तांदूळ निवडायला.

गेल्या महिन्यात जुन्या शाळेत गेलो होतो. पट 27 वर आलाय. त्या बाई आता गुडघ्यांनी थकल्या, त्यांची सून स्वयंपाक करते. सोमवार होता. सुनेने चहा दिला. मी पातेल्याकडे बघितलं, भात काठाला आला होता.

“आत्तींनी सांगून ठेवलंय सोमवारचं,” ती म्हणाली. “पण गुरुजी, ते वरचं रजिस्टरात कुठं लिहायचं ओ? नवीन सर विचारतात.”